खाली खुर्ची

शैलेंद्र सरांनी तालमीच्या पहिल्याच दिवशी मंडळाच्या हॉलच्या भिंतीवर एक कागद चिकटवला. मथळा लाल शाईत होता : ‘हे बोलू नये’. त्याखाली चोवीस वाक्यं. ‘तो येऊन राहिला आहे’ असं बोलू नये, ‘तो येतो आहे’ म्हणावं. ‘मुलांना चांगली शिक्षा दिली’ असं बोलू नये. मराठीत शिक्षा म्हणजे छडी, ‘चांगलं शिक्षण दिलं’ म्हणावं. ‘मला काही आपत्ती नाही’ असं तर मुळीच बोलू नये. मराठीत आपत्ती म्हणजे पूर आणि भूकंप. ‘माझी हरकत नाही’ म्हणावं.

अनिलने कागद पूर्ण वाचला आणि माझ्याकडे वळला. त्याचं इथे उज्जैनमध्ये, फ्रीगंज भागात, पंख्यांचं आणि दिव्यांचं दुकान आहे; नाटकात तो वडील होता. तिसरीत मी त्याला शिकवलं होतं, त्यामुळे पन्नाशी उलटली तरी तक्रार घेऊन माझ्याकडेच येतो.

“बाई, हे सगळं काढून टाकलं तर आमच्याजवळ बोलायला उरून काय राहिलं?”

“हे पंचविसावं,” सर म्हणाले, आणि त्यांनी खिशातून लाल पेन काढलं.

सर मूळचे पुण्याचे. बँकेतल्या बदलीने दोन वर्षांपूर्वी उज्जैनला आले. माणूस कष्टाळू. आमच्या मंडळाला मिळालेल्या दिग्दर्शकांपैकी घड्याळ पाहून तालीम सुरू करणारे ते पहिलेच. शिवाय शब्दांवर त्यांचं मनापासून प्रेम. आमचं तसं नाही. आमची घराणी शिंद्यांच्या कचेरीबरोबर इथे आली आणि इथलीच झाली. घरात मराठी बोलतो, भाजीवाल्याशी हिंदी बोलतो, आणि रागावलो की दोन्ही. पुण्याचा माणूस समोर आला की मात्र आम्ही सगळे गृहपाठ न केलेल्या मुलांसारखे उभे राहतो. मी अडतीस वर्षं शिकवलं आहे, मला ते उभं राहणं ओळखता येतं. मीही त्यात असते.

नाटक तात्यांचं होतं. तात्या रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झाले त्याला आता पंचवीस वर्षं होतील. त्यांची बायको उषा माझी मैत्रीण. आम्ही एकाच शाळेत शिकवायचो. ती गेली आणि त्यानंतरच्या वर्षात तात्यांनी आयुष्यातलं पहिलं नाटक लिहिलं. वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, पाठकोर्‍या कागदांवर, पेन्सिलीने.

गोष्ट साधी. एका घरात जेवणाचं टेबल येतं. घरात माणसं सहा, म्हणून खुर्च्या सहा. आजी बसते, वडील बसतात, तिन्ही मुलं बसतात. आई म्हणते, “तुम्ही बसा, मी गरम गरम वाढते.” पहिल्या अंकात म्हणते, दुसर्‍या अंकात म्हणते. तिसर्‍या अंकात आई नसते. तिला जाऊन महिना झालेला असतो. सगळे जेवायला बसतात. जागा अडते म्हणून मोठा मुलगा विचारतो, “ही खुर्ची उचलू का?” वडील म्हणतात, “नको. ही खुर्ची खाली राहू दे.” संपलं.

कागद माझ्या हातात देताना तात्या म्हणाले होते, “भाषा तपासून घ्या. माणसं कमी-जास्त करा, गाणं घाला, काय पाहिजे ते करा. फक्त शेवटची खुर्ची तेवढी राहू द्या. बेचाळीस वर्षांत उषाला जे म्हणालो नाही, ते तेवढंच आहे त्यात.”

मी शब्द दिला. मग लाल पेन घेऊन बसले आणि एकसष्ट हिंदी शब्द खोडून तिथे मराठी शब्द लिहिले. सरांनी माझी प्रत पाहिली तेव्हा म्हणाले, “बाई, तुमची नजर तयार आहे.” मी दोन दिवस खूश होते.

तालमी संध्याकाळी सहाला. मी पहिल्या रांगेत संहिता घेऊन बसायची आणि कुणी अडलं की पुढचा शब्द सांगायची. आई झाल्या होत्या अहल्याबाई. पोस्टातून निवृत्त, गुडघ्यांचं दुखणं, पण पाठांतर पक्कं. त्यांना एकदाही शब्द सांगावा लागला नाही. “ह्यात पाठ काय करायचं?” त्या म्हणाल्या. “रोज म्हणते मी हे.”

शेवटचा प्रवेश सरांनी राखून ठेवला होता. प्रयोगाला आठ दिवस उरले, तेव्हा शुक्रवारी त्यांनी तो बसवायला घेतला. सगळे टेबलाशी बसले. सर अनिलला म्हणाले, “उठा. खुर्चीला लाथ मारा.”

“कोणच्या?”

“तुमच्या स्वतःच्या. जोरात. ती पडली पाहिजे.”

अनिलने माझ्याकडे पाहिलं. मी संहितेत पाहिलं. तिथे लाथ नव्हती. पण नव्या पद्धतीच्या दिग्दर्शनात काय काय असतं ते मला कुठे ठाऊक, असं म्हणून मी गप्प बसले. अनिलने लाथ मारली. खुर्ची मोठ्याने आपटली. मोठ्या मुलाने विचारलं, “ही खुर्ची उचलू का?” अनिल गरजला, “नको. ही खुर्ची खाली राहू दे.” सरांनी लाल दिवा लावला. पडलेल्या खुर्चीचे चारही पाय प्रेक्षकांकडे होते.

“कळलं?” सर म्हणाले. “खुर्ची म्हणजे सत्ता. घरातल्या पुरुषाची सत्ता. बायको गेल्यावर तो ती स्वतः खाली पाडतो, आणि मुलगा उचलायला जातो तर म्हणतो, नको. खालीच राहू दे. लेखकाने ती कशी पडते ते लिहिलेलं नाही. तेवढी जागा त्याने दिग्दर्शकाला सोडली आहे.”

सगळ्यांनी मान हलवली. सरांनी त्याच वेळी पडलेल्या खुर्चीचा फोटो काढला आणि रविवारपर्यंत तो आमंत्रणपत्रिकेवर छापूनही आला.

रविवारी सकाळी मी त्याच हॉलमध्ये मुलांना मराठी शिकवते. अकरा मुलं येतात. त्यात सरांची ईरा आहे, नऊ वर्षांची, आणि तिच्याच वयाचा रुचिर, ज्याचे पणजोबाही इथेच जन्मले. त्या दिवशी विरुद्धार्थी शब्द होते. मी फळ्यावर लिहिलं, ‘खाली’.

“भरलेला,” रुचिर म्हणाला.

“वर,” ईरा म्हणाली. दोघं एकदमच.

“वर कसं काय? डबा खाली नाही, तर मग भरलेला आहे.”

“डबा खाली आहे म्हणजे जमिनीवर आहे.”

“जमिनीवर असला तरी खाली असू शकतो.”

“जमिनीवर असेल तर खालीच असणार ना.”

रुचिरने पिशवीतून डबा काढला, उघडला आणि तिच्या नाकासमोर धरला. “देख. खाली.”

ईराने नीट पाहिलं. “हा तर वर आहे. तुझ्या हातात.”

मुलांचे दोन पक्ष पडले. मला सांगायचं होतं की बाळांनो, दोघांचंही बरोबर आहे. रुचिर म्हणतो ते हिंदीतलं खाली, त्याला मराठीत रिकामा म्हणतात. पण माझ्या हातातला खडू तसाच राहिला. ह्या शब्दाचं कोणतं उत्तर आपण मनात धरलं होतं तेच मला आठवेना. आणि मग ती चार पाय वर केलेली खुर्ची आठवली.

तात्यांना म्हणायचं होतं, खुर्ची रिकामी राहू दे. मी एकसष्ट शब्द खोडले, पण बासष्टावा मला दिसला नाही, कारण तो मला परका वाटलाच नव्हता. माझ्या घरात रिक्षा खाली असते, खोली खाली असते, मीही कधी कधी खाली बसलेली असते आणि त्याचे दोन्ही अर्थ खरे असतात. सरांनाही तो शब्द दिसला नाही, कारण त्यांच्या घरी तो तितकाच शुद्ध होता. चुकीचे म्हणून जे शब्द ओळखू आले ते सगळे गेले. हा एक दोन्हीकडचे कपडे घालून आत शिरला होता.

मी अनिलला दुकानात जाऊन विचारलं, “तुला खाली म्हणजे काय वाटलं होतं?”

“खाली म्हणजे खाली. कोणी बसलं नाही ती.”

“मग लाथ का मारलीस?”

“सर बोलले.” त्याने एक पंखा पुसायला घेतला. “बाई, मला वाटलं शुद्ध मराठीत अशीच खाली करत असतील.”

अहल्याबाईंचंही तेच. सगळ्यांना कळलं होतं आणि प्रत्येकाला वाटलं होतं की आपल्यालाच मराठी येत नाही. भिंतीवर चोवीस वाक्यं चिकटवून सरांनी बिचार्‍यांची पंचविसावी शंका घेण्याची हिंमतही काढून घेतली होती.

सोमवारी तालमीच्या अर्धा तास आधी मी सरांना गाठलं.

“सर, ती खुर्ची पडलेली नाही.”

“म्हणजे?”

“ती खाली आहे.”

“मग पडलेलीच ना?”

“तशी खाली नाही. आमची खाली. रिकामी.”

त्यांनी संहिता मागितली. ते पान बराच वेळ पाहिलं. “पण तुम्ही तपासलं होतं ना, बाई?”

“हो. मलाही ती खालीच वाटली.”

“कुठली खाली?”

“तेच तर सांगते आहे.”

सर खुर्चीत बसले. संहिता मिटून म्हणाले, “नाटकात लेखकाला म्हणायचं असतं तेवढंच असतं असं नाही. पत्रिका छापून आली आहे. मी माहितीपत्रकात दीड पान लिहिलं आहे, सत्तेवर. आणि रिकामी खुर्ची... बाई, रागावू नका, पण रिकामी खुर्ची कुणीही ठेवेल.”

“तात्यांनी एवढंच मागितलं होतं.”

“गुरुवारी रंगीत तालीम आहे. तात्यांना आणा. ते पाहतील आणि ठरवतील. पण आधी काही सांगू नका. कोर्‍या नजरेने पाहू दे.”

मी कबूल केलं, आणि रात्रभर पस्तावले, कारण मी तात्यांना ओळखते. लग्नाच्या पंगतीत वरणात मीठ नसलं तर हा माणूस म्हणतो, प्रकृतीला चांगलं असतं. ते कशालाच नको म्हणणार नाहीत. म्हणतील, सर म्हणतात ते खरं. आणि शनिवारी अडीचशे लोकांसमोर उषासाठी लिहिलेल्या नाटकात खुर्चीला लाथ बसेल, आणि ते पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवतील.

गुरुवारी मी त्यांना नानाखेड्याहून ऑटोने घेऊन आले. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, डोळ्यांवर काळा चष्मा. वाटेत त्यांनी एकच प्रश्न विचारला, “खुर्ची आहे ना?”

“आहे,” मी म्हणाले. खोटं बोलले नाही.

नाटक सुरू झालं. मी त्यांच्या शेजारी संहिता घेऊन बसले होते, पण रंगमंचाकडे फारसं पाहिलं नाही. अहल्याबाई पहिल्यांदा म्हणाल्या, “तुम्ही बसा, मी गरम गरम वाढते,” तेव्हा तात्यांचे ओठ हलले. दुसर्‍यांदा म्हणाल्या तेव्हा त्यांनी मान खाली घातली. तिसर्‍या अंकात अनिल उठला. तो क्षणभर थांबला, त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मग लाथ मारली. थोडी हळूच मारली. तरी रिकाम्या हॉलमध्ये खुर्चीचा आवाज फार मोठा झाला.

“ही खुर्ची उचलू का?”

“नको. ही खुर्ची खाली राहू दे.”

लाल दिवा. सर पुढे आले. “तात्या, कसं वाटलं?”

“छान,” तात्या म्हणाले. “अनिलचा आवाज चांगला आहे.”

झालं, मी मनात म्हणाले.

“ती खुर्ची कुणाची हो?” तात्यांनी विचारलं.

“तुमची. म्हणजे वडिलांची. सत्तेची.”

“आणि तिची कुठली?”

“कुणाची?”

“जी बसली नाही तिची.”

सरांनी टेबलाकडे पाहिलं. टेबलाशी आईची खुर्ची होतीच, पण तिच्यावर कुणीतरी अहल्याबाईंची पर्स आणि पाण्याच्या दोन बाटल्या ठेवल्या होत्या. तीन आठवडे ती तशीच होती. आम्हा कुणालाही ते खटकलं नव्हतं.

तात्या उठले. अनिलने खाली येऊन हात दिला. पायर्‍या चढायला त्यांना वेळ लागला. त्यांनी आधी पडलेली खुर्ची उचलली, तिचा पाय हलतो का ते पाहिलं आणि ती जागेवर लावली. मग पर्स आणि बाटल्या उचलून अनिलच्या हातात दिल्या. खिशातून रुमाल काढून आईच्या खुर्चीची बैठक पुसली. ती टेबलापासून थोडी मागे ओढली, कुणी बसायच्या वेळी ओढतात तेवढी. आणि स्वतः शेजारच्या खुर्चीत बसले.

“ही खाली राहू दे,” ते म्हणाले. गरजले वगैरे नाहीत. मीठ द्या म्हणावं तसं म्हणाले.

दुसर्‍या रांगेतून ईराचा आवाज आला, “बाबा, म्हणजे रुचिरचं खाली.”

सरांनी कानावर लावलेलं लाल पेन काढलं, पाहिलं आणि परत खिशात ठेवलं. मग म्हणाले, “शेवट परत घेऊ. अनिल, खुर्ची पाडायची. मग ती स्वतःच उचलायची. मग तात्यांनी केलं तसं. पुसायचं, ओढायचं, बसायचं. मोठ्या मुलाने ‘उचलू का’ आईच्या खुर्चीबद्दल विचारायचं. मग वाक्य.”

“सर, मग पाडायची कशाला?”

“पत्रिकेवर फोटो छापलाय ना.” सर तात्यांकडे वळले. “तात्या, तुम्हाला काही आपत्ती नाही ना?”

सगळ्यांच्या नजरा भिंतीवरच्या कागदाकडे गेल्या आणि परत आल्या. सरांच्या मात्र ते लक्षातच आलं नाही. दोन वर्षांत माणूस बराच उज्जैनचा झाला होता.

तात्या म्हणाले, “पाडणंही तसंच राहू द्या. ते मी लिहिलं नव्हतं.” त्यांनी रुमालाची घडी घातली, पुन्हा उलगडली. “पण तसं झालं होतं. आमटी निवली होती, त्यावरून. टेबल घेतलं त्याच वर्षी. ती म्हणाली, राहू द्या, मी उचलते. आणि उचलली तिनेच.”

तीस वर्षं मी आणि उषा मधल्या सुट्टीत एका डब्यातून जेवलो. तिने हे मला कधी सांगितलं नव्हतं. तात्यांनीही नाटकात ते लिहिलं नव्हतं. चुकून सरांनी लिहिलं. मग त्यांनी दिवेवाल्याला सांगितलं, “लाल नको. साधा ठेव.”

अनिलने तो प्रवेश पुन्हा केला. खुर्ची पडल्यावर ती उचलायला तो वाकला, तेव्हा तात्या विंगेत उभे होते आणि त्यांचेही हात थोडे पुढे आले होते.

तालीम संपल्यावर पोहे आले. टेबल तयारच होतं म्हणून सगळे रंगमंचावरच बसले. तात्या, सर, अनिल, मोठा मुलगा झालेला आणि आणखी एक जण. शेव, जिरावन मसाला, कांदा मांडला गेला. अहल्याबाई ताटल्या भरत होत्या, मी चहा ओतत होते. आईच्या खुर्चीवर कुणी बसलं नाही. तिला आता मान आला होता.

“अहल्याबाई, बसा ना,” तात्या म्हणाले. “ही खुर्ची खाली आहे.”

सरांचं तोंड उघडलं होतं. त्यांनी त्यात पोह्यांचा चमचा घातला.

“तुम्ही घ्या, मी नंतर घेते,” अहल्याबाई म्हणाल्या. “आणि तिथे कुणी बसायचं नाही ना?”

“ते शनिवारी. आज बसा.” तात्यांनी आपली ताटली टेबलावर ठेवली आणि हात मांडीवर घेतले. “तुम्ही बसल्याशिवाय मी सुरू करत नाही.”

अनिलनेही चमचा खाली ठेवला. मग सरांनी. अहल्याबाईंना अगदी ओशाळल्यासारखं झालं. त्या खुर्चीच्या कडेवर टेकल्या, कुणी उठवेल अशा बेताने. पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, “पोहे गार झालेत हो.”

“प्रकृतीला चांगले असतात,” तात्या म्हणाले.

सगळे खाऊ लागले. सहाच्या सहा खुर्च्या भरल्या होत्या. ईरा माझ्याजवळ आली आणि मला विचारू लागली, आजी, आता भरलेलीच्या उलट काय. मी म्हणाले, “रविवारी सांगते.” माझ्या हातात किटली होती, आणि अजून चौघांना चहा द्यायचा राहिला होता.